पॅकेजचा आकडा आणि सहीपूर्वीचे दोन दिवस

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की आपल्या दैनिकात शहरातील महाविद्यालयांच्या बातम्या छायाचित्रांसह येतात. कोणाला किती लाखांचे पॅकेज मिळाले हे त्यांत ठळक अक्षरांत असते. मुलांच्या यशाची बातमी व्हावी याचा मला आनंदच आहे. परंतु त्या आकड्यातील किती रक्कम दरमहा हातात पडणार, सोबत किती वर्षांचा बाँड (ठराविक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार) आहे आणि कामाचे ठिकाण नागपूर की आणखी कुठे, हे त्या बातमीत कधी वाचल्याचे मला आठवत नाही. ज्या मुलाचे छायाचित्र छापले जाते त्यानेही हे प्रश्न कंपनीला विचारलेले नसतात, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी ३१ वर्षे नेमणूकपत्रे देण्याचेच काम केले आहे. समोर बसलेले बहुतेक उमेदवार पत्र न वाचता, आभार मानत सही करीत.

न विचारण्यामागे अज्ञानापेक्षा संकोचाचा वाटा मोठा असतो. घरात पत्र आले की देवापुढे पेढे ठेवले जातात, आणि मुलाने नोटीस पीरियडचा, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावे लागेल याचा, विषय काढलाच तर कोणीतरी वडीलधारे म्हणतात, "नोकरी भेटून राहिली ना, मग आता कायले विचारत बसता?" हे वाक्य मी स्वतःच्या घरातही उच्चारले आहे. २०१९ साली माझ्या मुलाला पुण्यातील एका कंपनीची ऑफर आली, तेव्हा त्यात ९० दिवसांची नोटीस होती आणि उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर मोकळे होण्याची सोय नव्हती. ती सोय मागावी का, असे त्याने मला विचारले होते. सुरुवातीलाच अटींचा विषय काढला तर माणूस कटकटीचा वाटेल, असे सांगून मी त्याला गप्प केले. दोन वर्षांनी त्याच्या आवडीच्या कामाची चांगली जागा चालून आली. ती कंपनी ४५ दिवस थांबायला तयार होती, जुनी कंपनी ९० दिवस पूर्ण होण्याआधी सोडायला तयार नव्हती, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मुलाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तथापि, आयुष्यभर हे काम केलेल्या बापाने त्याला चुकीचा सल्ला दिला ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, आणि आज हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काय घडते हे घराघरांत माहीत नसते, म्हणून ते सांगतो. एखादी जागा भरायची ठरली की तिच्यासाठी पगाराचा एक पट्टा मंजूर होतो आणि कार्मिक अधिकारी बहुधा त्याच्या खालच्या टोकापासून बोलायला सुरुवात करतो. अनुभवी उमेदवाराने आपल्या कामाचा दाखला देऊन थोडे अधिक मागितले, तर त्या पट्ट्यात सरकायला जागा असते आणि त्यासाठी कोणाची खास परवानगीही लागत नाही. नवख्या पदवीधरांच्या बाबतीत मात्र सगळ्या तुकडीला एकच रक्कम ठरलेली असल्याने आकडा सहसा हलत नाही. अशा वेळी रुजू होण्याची तारीख, कामाचे ठिकाण, कामाची पाळी (शिफ्ट), बाँडची मुदत, प्रोबेशन (सुरुवातीचा परीक्षेचा काळ) संपल्यावर होणारा पगाराचा फेरविचार या गोष्टींवर बोलता येते. नम्रपणे प्रश्न विचारला म्हणून ऑफर मागे घेतल्याचे माझ्या ३१ वर्षांत एकही उदाहरण नाही. दोनदा ऑफर मागे घेतली गेली होती, आणि दोन्ही वेळा कारण खोट्या पगारपत्रकाचे होते. म्हणूनच माझे तरुणांना कळकळीचे सांगणे आहे की हातात नसलेली दुसरी ऑफर आहे असे भासवू नका. कागदपत्रांची तपासणी होते, आणि तशी ती झाली नाही तरी नव्या संबंधाची सुरुवात खोटेपणाने का करावी?

आता पॅकेजच्या आकड्याकडे येतो. समजा वर्षाला ४ लाख २० हजारांचे पत्र आले. घरच्यांनी बारांनी भागून महिना ३५ हजार असा हिशेब केलेला असतो आणि त्यावर गाडीचा हप्ताही ठरलेला असतो. प्रत्यक्षात या रकमेत ४२ हजार रुपये व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी आणि कंपनीचा नफा पाहून मिळणारे असू शकतात. मालकाचा भविष्य निर्वाह निधीतील हिस्सा, १५ हजारांच्या वेतनमर्यादेवर १२ टक्के म्हणजे महिना १,८०० रुपये धरला तर वर्षाला २१,६०० होतो. मूळ पगार निम्मा असेल तर त्यावर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेवा-उपदानाचे, सुमारे १०,१०० रुपये दाखवले जातात, आणि आरोग्य विम्याचा हप्ता ६ हजारांचा असेल तर तोही यातच धरलेला असतो. उरलेल्या रकमेतून कर्मचाऱ्याचा स्वतःचा निधीचा १,८०० रुपयांचा हिस्सा आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा केला की महिन्याच्या शेवटी बँकेत २६ हजारांच्या आसपास जमा होतात. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही, कारण निधी आणि ग्रॅच्युइटी हे कर्मचाऱ्याच्याच हिताचे आहेत. पण ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षे सेवा लागते, आणि दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या मुलाच्या पॅकेजमध्ये ती रक्कम केवळ कागदावर राहते. त्यामुळे पहिला प्रश्न असा असावा की दरमहाचा निश्चित पगार किती आणि मागील वर्षी व्हेरिएबलपैकी प्रत्यक्षात किती टक्के वाटप झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता (केंद्राचे नवे एकत्रित कामगार कायदे) लागू झाल्याने या बोलणीत उमेदवाराची बाजू थोडी बळकट झाली आहे. नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते, आणि नोकरी सोडल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. कंपनीचे जुन्या नमुन्याचे पत्र हातात आले असेल तर यांतील कोणती गोष्ट त्यात बदलली आहे, हे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

बाँडविषयी आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे तो कायद्याने चालतच नाही, आणि दुसरा म्हणजे सही केली की सुटका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार, नोकरी सोडल्यानंतर अमुक क्षेत्रात काम करू नये अशी बंदी सामान्यतः निरर्थक ठरते. पण नोकरीच्या काळात ठराविक मुदत पूर्ण करण्याची अट ही वेगळी बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे पूर्ण न करता गेल्यास २ लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. त्याच वेळी, करार कायद्याच्याच कलम ७४ नुसार कराराचा भंग झाल्यास वाजवी भरपाईच मिळू शकते आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणून सही करण्यापूर्वी, प्रशिक्षणावर प्रत्यक्ष किती खर्च होणार आहे आणि जसजसे महिने पूर्ण होतील तसतशी बाँडची रक्कम कमी होत जाईल का, हे विचारावे. माझ्या अनुभवात ही दुसरी मागणी मान्य होण्याची शक्यता चांगली असते, कारण ती न्याय्य आहे हे समोरच्यालाही दिसते. मूळ गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्र ठेवून घेण्याची अट असेल तर मात्र तिथे थांबावे, आणि प्रती देण्याची तयारी दाखवावी.

नागपूरच्या मुलांना आणखी एक युक्तिवाद ऐकावा लागतो, आणि तो मला विशेष खटकतो. "तुमच्याकडे राहणीमान स्वस्त आहे, त्यामुळे पुण्यापेक्षा पगार कमी" असे सांगितले जाते. घरभाडे कमी आहे हे खरे, पण नंदनवन किंवा महाल या शहरातील वस्त्यांतून मिहान या शहराबाहेरच्या औद्योगिक क्षेत्रात रोज जाणाऱ्याला मेट्रो खापरीपर्यंत नेते आणि पुढचा प्रवास त्याने स्वतः पाहायचा असतो. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीचे ठिकाण असेल तर शहरापासून २५-३० किलोमीटरचा वर्धा मार्ग उन्हाळ्यात दुचाकीवरून करावा लागतो. कंपनीची बस आहे का आणि कुठल्या चौकापर्यंत येते, हा पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान स्त्री कर्मचाऱ्यांना काम देण्यासाठी त्यांची संमती लागते आणि संरक्षण व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते.

माझ्या पुतणीला गेल्या वर्षी मिहानमधील एका कंपनीचे पत्र आले, तेव्हा ती विचारायला आली, "मोठेबाबा, यात काही मागू का?" या वेळी मी तिच्यासोबत बसलो. तिने एक छोटी मेल लिहिली. तीत प्रस्तावाबद्दल आभार, कामाबद्दलची आवड आणि तीन विनंत्या एवढेच होते : पगार दोन हजारांनी वाढवता येईल का, पहिले वर्ष कामाचे ठिकाण नागपूरच राहील असे पत्रात लिहून मिळेल का, आणि आजीच्या शस्त्रक्रियेमुळे तीन आठवडे उशिरा रुजू होता येईल का. पगार वाढला नाही. उरलेल्या दोन्ही गोष्टी चौथ्या दिवशी सुधारित पत्रात लिहून आल्या. फोनवर मिळालेल्या आश्वासनावर तिने समाधान मानले नाही हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण "सहा महिन्यांनी पाहू" असे सांगणारा अधिकारी सहा महिन्यांनी त्याच खुर्चीवर असेलच असे नाही. नोकरीत असलेल्यांनीही नवे पत्र लेखी हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नये.

हे सगळे बोलण्यासाठी वेळ हवा, आणि तोच मिळत नाही. काही पत्रांत ४८ तासांत संमती कळवण्याची अट असते, तर काही महाविद्यालयांत पहिली ऑफर आली की विद्यार्थ्याला पुढील मुलाखतींना बसू दिले जात नाही. दुसऱ्या विद्यार्थ्यांनाही संधी मिळावी हा या नियमाचा हेतू समजू शकतो. मग किमान प्लेसमेंट कक्षाने ऑफरचा तपशील, बाँडसह, मुलाखतीच्या आधी विद्यार्थ्यांसमोर ठेवावा, आणि पत्र आल्यावर घरच्यांशी बोलायला एक आठवडा मिळावा यासाठी कंपन्यांकडे आग्रह धरावा. एकट्या मुलाने मागितले तर जे कटकट वाटते, ते संस्थेने मागितले तर रीत बनते.

आपल्यालाही एक विनंती आहे. पुढील हंगामात पॅकेजची बातमी करताना आपल्या वार्ताहरांनी महाविद्यालयाकडून तीन गोष्टी अवश्य विचारून घ्याव्यात : दरमहाचा निश्चित पगार, बाँडची मुदत व रक्कम, आणि कामाचे ठिकाण. बातमीत त्यासाठी दोन ओळी पुरतील.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
नागपूर