ऑपरेशनच्या दिवशी मी नाही, त्याबद्दल

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर आई गप्प झाली की माझं बोलणंच खुंटतं, म्हणून लिहिते. शनिवारी बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि मी पोचणार रविवारी रात्री. तिकीट काढलंय, गुरुवारपर्यंत रजाही टाकली आहे.

कारण तुम्हाला ठाऊक आहेच. चर्चच्या तरुण संघातल्या मुलींना आम्ही मेंटॉर, म्हणजे त्यांच्या मार्गदर्शक ताया, त्याच संध्याकाळी बाहेर जेवायला नेतोय. हो, तेच, नटूनथटून, पांढऱ्या टेबलक्लॉथवालं. ते दोन महिन्यांपूर्वी ठरलं आणि डॉक्टरांनी तारीख परवा दिली. मुली नऊ, आम्ही चौघी होतो. एक बाळंतपणाला गेली, उरलो तिघी. एक मुलगी आणि एकच मेंटॉर असं कुठेही नको, गाडीतसुद्धा, हा आमचा नियम. पालकांनी सह्या केलेल्या परवानगीपत्रांवर सोबत कोण असणार त्यांची नावं आहेत. ऐनवेळी नाव बदलायचं तर नऊ घरांचे उंबरे पुन्हा झिजवायचे. त्यातल्या दोन घरांनी एकदा ‘हो’ म्हणायलाच तीन आठवडे घेतले होते.

एवढंच असतं तर मी तरीही काहीतरी खटपट केली असती. पण नोकरीतलं ते पहिलं जेवण आठवतं? रात्री घरी येऊन मी उभ्या उभ्या सकाळचा डबा संपवला होता. आई, तू विचारलंस, तिथे काही नव्हतं का. मी म्हणाले, आवडलं नाही. तसं नव्हतं गं. समोर तीन काटे, दोन सुऱ्या. शेजारची कुठला उचलते म्हणून मी तिच्याकडे बघत बसले, आणि ती माझ्याकडे! यात तुमची काही चूक नाही, कृपा करून तसं मनात आणू नका. पाहुण्याला आधी, आपण मागून, हे तुम्ही शिकवलंत त्यावर मी आजवर कुठेही निभावून नेलंय. फक्त बाहेरच्या बाजूने सुरुवात करून आत यायचं, एवढं कुणीतरी कानात सांगायला हवं होतं.

ते आता मी सांगते. मागच्या रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये रंगीत तालीम घेतली. नॅपकिन मांडीवर, ब्रेडची बशी डावीकडे, पाण्याचा ग्लास उजवीकडे, सूपचा चमचा आपल्यापासून पलीकडे न्यायचा. सगळ्यांत धाकटीसाठी खुर्ची ओढली तर ती बसेचना. मान वळवून मागे बघायची, पुन्हा उभी राहायची. शाळेत कुणीतरी अशीच खुर्ची काढून घेतली होती म्हणे. सात वेळा बसवली तिला. आठव्यांदा मागे न बघता बसली आणि आपलं आपणच हसली. आता सांगा, शनिवारी तिची खुर्ची दुसऱ्या कुणी धरायची?

बाबा, तुम्ही विचारलंत, हे त्या अमेरिकेतल्या बाप-लेकींच्या बॉलसारखं, म्हणजे नाचाच्या समारंभासारखं आहे का. नाही हो. 1998 पासून तिकडे जे प्युरिटी बॉल चालू झाले, त्यात वडील मुलीच्या पावित्र्याचं रक्षण करायची शपथ घेतात. आमच्याकडे शपथ नाही, भाषण नाही. आणि वडिलांनाच बोलवायचं तर नऊपैकी चौघींनी काय करायचं? खर्च आम्ही तिघी वाटून घेतोय, माझा नवा फोन पुढच्या वर्षी. ओरडू नका. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवायला बोलवा, तो बायबलमधला लूकचा चौदावा अध्याय तुम्हीच माझ्याकडून घोटून घेतला होतात, संडे स्कूलच्या बक्षिसासाठी. बक्षीस दादाने नेलं, अध्याय माझ्याकडे राहिला.

कपडे सगळ्यांचे उसने, आमचेसुद्धा, म्हणजे कुणाचं काय ते कळायलाच नको. रात्री दोन झग्यांना धावदोरा घालत बसले होते. आई, तुझ्यासारखी गाठ अजून येत नाही. एकीने तक्रार केली की बायबलमधल्या एस्तेर राणीला राजापुढे जायच्या आधी बारा महिने तयारीला मिळाले, आम्हाला दोनच तास.

आता ऐका. दादा शुक्रवारी रात्रीच येतोय. बाबांची उंच उशी, रेडिओ आणि पाण्याचा तांब्या पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवायला सांगितलंय, म्हणजे पट्टीच्या बाजूला चाचपावं लागणार नाही. मागच्या वेळेसारखं टोचणारं पांघरूण नको, मऊवालं काढा. आई, थेंब घालण्याआधी हात धुवायचे, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाबा, डोळा चोळायचा नाही, रात्री डोळ्यावर ती प्लास्टिकची ढाल लावूनच झोपायचं, आणि वाकून बादली उचलायची नाही म्हणजे नाही. मागच्या वेळी उचललीत, मला काकूंनी सांगितलंय. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसायला कमी झालं तर माझी वाट न बघता थेट डॉक्टरांना फोन. आणि आई, तूही वेळेवर जेव. ‘मला भूक नाही’ हे मी या वयात शंभर टक्के ओळखते.

लहानपणी मला ताप आला की बाबा माझ्या डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना करायचे, आठवतं? आमेन झालं तरी हात काढू द्यायची नाही मी. रविवारी रात्री कितीही उशीर झाला तरी माझा हात तिथे असेल. तोवर दादाचा चालवून घ्या, जरा खरखरीत आहे.

शनिवारी दुपारी तीनला आणि रात्री सगळ्या मुली घरी पोचल्या की, असे दोन फोन करीन. मध्ये उचलला नाही तर घाबरू नका.

आई, तुझी मोत्यांची माळ त्या धाकटीच्या गळ्यात घालणार आहे. न विचारता ठरवलं, पण तू नाही म्हणाली नसतीस. सोमवारी सकाळी तुझ्या हातात देते. हूक थोडा सैल आहे, आधीपासूनच, पण तरी आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
धाकटी