काका, कोपरा कापलेल्या पुस्तकाबद्दल आभार

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणत पाऊसपाण्यावर घसरता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

नारायण धारपांच्या ‘लुचाई’मुळे मी स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ या भयकादंबरीपर्यंत पोचलो. तिची सही असलेली पहिली आवृत्ती (डबलडे प्रकाशन, १९७५) विक्रीला दिसली, पण जॅकेटचा, म्हणजे पुस्तकावरच्या कागदी वेष्टनाचा, आतल्या घडीवरचा किमतीचा कोपरा कापलेला आणि त्याच घडीवर ७.९५ डॉलर छापलेले. एरवी कोपरा गेला की प्रतीचा भाव पडतो. तुम्ही म्हणालात, ‘इथे उलटं आहे.’ मूळची ८.९५ ही किंमत प्रकाशकानेच कातरून नवी छापली होती. शिवाय घडीवरच्या मजकुरात कादंबरीतल्या फादर कॅलाहन या पाद्र्याच्या जागी चुकून ‘फादर कोडी’ पडलं असेल, तर जॅकेट ती चूक सुधारण्याआधीचं. ते होतं! तरी तुमचं समाधान नाही. पान ४३९ चा, शिवणीजवळचा फोटो मागवायला लावलात आणि ‘क्यू ३७’ हा पहिल्या छपाईचा संकेत दिसल्यावर कुठे ‘घे’ म्हणालात.

सहीच्या बाबतीत तर विक्रेत्याला घामच फोडलात. प्रमाणपत्र काय, कुणीही छापतं. सही कुठे आणि कधी घेतली ते सांगा म्हणालात. जुन्या सह्यांमध्ये नाव नीट वाचता येतं, नंतरच्या म्हणजे नुसता फराटा, हेही तुमच्याकडूनच कळलं. पार्सल अमेरिकेत एडिसनला तुमच्या घरी उतरलं, तेव्हा पान उलटून पेनाचा दाब बोटाने चाचपलात आणि मगच पुस्तक हातातल्या बॅगेतून पुण्याला आणलंत. हे सगळं कुणी करावं? ज्याला ‘भुतंखेतं म्हणजे शुद्ध थोतांड’ वाटतं त्याने!

तुम्ही सांगितल्याप्रमाणे जॅकेटला पारदर्शक कव्हर घातलंय. सेलोटेपचा तुकडाही लावलेला नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हलवलंय, कारण आमच्याकडे पावसाळ्यात तिथे ओल धरते.

काकूंचे वेगळे आभार. पुस्तकाला जागा व्हावी म्हणून त्यांनी तुमचा स्वेटर बॅगेतून काढला आणि तुम्ही इथे डिसेंबरभर माझी शाल पांघरून बसलात.

आता किंगच्याच ‘कॅरी’ची (१९७४) एक प्रत दिसली आहे. पान १९९ वर ‘पी ६’ हा तसाच संकेत आहे, सहीबद्दल मात्र मला शंका आहे. फोटो पाठवतोय. सवडीने बघा.

तुमचा,
पुतण्या