दिवे घाटातल्या माऊलींनो, आभार

यंदा आळंदीच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच चाललो. पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा, त्यात नवे बूट (शहाणपणा माझाच!). वडकीला पोचेपर्यंत टाचेला लिंबाएवढा फोड आला आणि मी रस्त्याकडेला फतकल मारून बसलो.

दिंडीतल्या एक आजी थांबल्या. पिशवीतून सुई काढली, काडेपेटीच्या काडीवर तापवली, फोडातून दोरा आरपार ओवला आणि दोरा तसाच राहू दिला. "आपोआप निचरा होईल, माऊली." वयाने मी त्यांच्या नातवाएवढा. माऊली हे ज्ञानोबांचं नाव, पण वारीत ते पोराटोरांनाही मिळतं. मागे उभ्या माणसाला वाट हवी असली तरी "सरका" नाही, "माऊली, माऊली" एवढंच.

उठताना त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्याच माझ्या धुळीच्या पायांशी वाकल्या. मी दचकून मागे सरलो. वारीत अशी उराउरी भेट आणि पायलागण होतेच, लहानथोर बघत नाहीत, हे वाचून माहीत होतं. पण पांढऱ्या केसांचं डोकं आपल्या पायाशी आल्यावर काय होतं, ते वाचून कळत नाही.

घाटभर माझी सॅक वाहणारे काका, नाव विचारलं तर तुम्हीही "माऊलीच" म्हणालात. आता शोधू कसं? दोघांचेही मनापासून आभार.

आणि आजी, तुमची सुई माझ्याकडेच राहिली आहे.