कुत्र्याला नेमके काय कळते?

महोदय,

‘आमच्या टॉमीला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही’ असे अभिमानाने सांगणारे प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यात तथ्य आहे, पण ‘सगळं’ हा शब्द जरा जास्त होतो. अमेरिकेतील निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापक जॉन पिली यांनी ‘चेसर’ या बॉर्डर कोली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावे शिकवली होती. ओळखीच्या खेळण्यांत एखादे नवे ठेवून कधी न ऐकलेले नाव घेतले, तर ती नेमके तेच उचलून आणी. हे नुसते पाठांतर नव्हे! बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. शाबासकीचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले, तरच मेंदूतला आनंदाचा भाग खुलला. नुसत्या गोड सुरात काहीबाही बोलून भागले नाही.

अर्थात चेसरमागे रोज तासन्‌तास घेतलेली मेहनत होती. आपल्याकडे आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’ म्हणतो आणि वहिनी नुसतेच बोट दाखवतात. कुत्रे बिचारे तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहते, मग ‘ऐकत नाही’ म्हणून पट्ट्याचा फटका खाते. आमच्या इमारतीखाली हा प्रकार रोज संध्याकाळी चालतो. निदान घरातल्यांनी तरी आधी आपसात एक शब्द ठरवावा.

– एक वाचक, सांगली