लय सुधारली तरी रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील ‘पल्स्ड फील्ड ॲब्लेशन’ या नव्या उपचाराविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी वृत्तपत्रांत या आजाराविषयी क्वचितच काही छापून येते, त्यामुळे विषय निवडल्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र ‘चटका नाही, धोका नाही, एकदा केले की आजार संपला’ असा जो सूर लेखासोबतच्या चौकटीत लागला आहे, तो वाचून मी अस्वस्थ झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली बावीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करते. मोठ्या शहरात असे उपचार करून घेतलेले रुग्ण पुढच्या तपासणीसाठी आमच्यासारख्यांकडेच येतात, आणि ‘आजार संपला’ या समजुतीची किंमत मी जवळून पाहिली आहे.

आम्ही ज्याला ‘एएफ’ म्हणतो, तो ॲट्रियल फिब्रिलेशन हा आजार अनेकदा मनगटावर तीन बोटे ठेवताच ओळखू येतो. नाडीला कसलाच ताल नसतो. दोन ठोके लागोपाठ येतात, मग लांबट विसावा, मग एखादा निसटता ठोका. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत, म्हणजे कर्णिकांत, विजेचे संदेश मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतक्या वेगाने सैरावैरा फिरत असतात, त्यामुळे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि डाव्या कर्णिकेच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी धरते. ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफच्या रुग्णाला हा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल आइसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवून दिले की, या गोंधळाची ठिणगी बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते. तेव्हापासून जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, नेऊन त्या मुखांभोवती निर्जीव पेशींचे कडे तयार करायचे, म्हणजे ठिणगी कर्णिकेत पोहोचत नाही, हा ‘ॲब्लेशन’ नावाचा उपचार रूढ झाला.

हे कडे आजवर दोन प्रकारे तयार केले जाई : रेडिओलहरींनी पेशी तापवून, नाहीतर फुग्यातून थंडावा सोडून त्या गोठवून. अडचण अशी की उष्णता किंवा गारठा हृदयाच्या भिंतीशी येऊन थांबत नाही. डाव्या कर्णिकेच्या मागच्या भिंतीला अन्ननलिका जवळजवळ टेकलेली असते. मध्ये अंतर काही मिलिमीटरचेच. तिथे चटका खोल गेला तर काही आठवड्यांनी अन्ननलिका आणि हृदय यांच्यात छिद्र पडू शकते. हे फार क्वचित घडते, पण घडले तर बहुधा प्राणावर बेतते. याशिवाय श्वासपटलाची नस दुखावू शकते आणि शिरांची मुखे आकसू शकतात.

नव्या पद्धतीचे खरे मोल इथे आहे, आणि ते मोठे आहे. कॅथेटरच्या टोकाकडून एक ते दोन हजार व्होल्टच्या आसपासचे, पण सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरतेच टिकणारे विजेचे स्पंद सोडले जातात. या स्पंदांनी पेशीच्या पातळ आवरणाला अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. विजेचा जोर सौम्य असेल तर ती पुन्हा बुजतात. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बुजत नाहीत, पेशीतले क्षार बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. हृदयाच्या स्नायुपेशींची ही मर्यादा अन्ननलिका व नसा यांच्या पेशींपेक्षा कमी असल्यामुळे, नेमक्या मात्रेत दिलेला स्पंद हृदयाच्या पेशी मारतो आणि शेजाऱ्यांना बहुतांशी सोडून देतो. तंतूंचा सांगाडाही बराचसा शाबूत राहतो. थोडी ऊब इथेही निर्माण होतेच, पण पेशी तिने मरत नाहीत, म्हणून या पद्धतीला उष्णताविरहित म्हणायचे.

वीज हृदयात सोडणे मात्र नवे नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत मेल्व्हिन शाइनमन आणि जॉन गॅलाघर यांनी डिफिब्रिलेटरचा, म्हणजे छातीवर विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा, झटका कॅथेटरमधून देऊन हृदयातला विजेचा मार्ग तोडल्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. त्या एकाच जबर झटक्याने कॅथेटरच्या टोकाशी वायूचा बुडबुडा तयार होऊन फुटे आणि दाबाने हृदयाला इजा होई, म्हणून रेडिओलहरी येताच ती पद्धत मागे पडली. आज तीच वीज हजारो तुकड्यांत कापून, मोजूनमापून दिली जाते. चाळीस वर्षांच्या या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे.

आता आकड्यांकडे येते. युरोपात २०२१ पासून ही पद्धत वापरात आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये मेडट्रॉनिकच्या पल्ससिलेक्टला आणि जानेवारी २०२४ मध्ये बॉस्टन सायंटिफिकच्या फॅरापल्सला, म्हणजे या पद्धतीच्या उपकरणांना, मान्यता दिली. आता आपल्याकडच्या काही मोठ्या रुग्णालयांतही ही पद्धत सुरू झाली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडव्हेंट चाचणीत अधूनमधून एएफ होणाऱ्या सुमारे सहाशे रुग्णांची तुलना झाली. वर्षभरानंतर उपचार यशस्वी ठरण्याचे प्रमाण नव्या पद्धतीत सुमारे ७३ टक्के आणि उष्णता-गारठ्याच्या पद्धतीत सुमारे ७१ टक्के होते. म्हणजे नवी पद्धत जुनीच्या तोडीस तोड ठरली, वेळही कमी लागला. पण चारांपैकी एका रुग्णाला वर्षाच्या आत पूर्ण यश आले नाही. ‘आजार संपला’ हे वाक्य या आकड्यांत बसत नाही.

‘धोका नाही’ हेही बसत नाही. सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅनिफेस्ट नोंदवहीत अन्ननलिकेला छिद्र पडल्याची एकही नोंद नाही, ही अतिशय दिलासादायक गोष्ट आहे. गंभीर गुंतागुंत तरीही सुमारे एक टक्का रुग्णांत झाली. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात, हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटके येणे असे प्रकार झाले. आणखी एक धोका जवळजवळ या पद्धतीचाच म्हणावा असा आहे. खूप स्पंद दिले गेल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडावर भार टाकते. त्या नोंदवहीत पाच रुग्णांची मूत्रपिंडे यामुळे निकामी झाल्याचे आढळले. जानेवारी २०२५ मध्ये तर पक्षाघाताच्या तक्रारींमुळे जॉन्सन अँड जॉन्सनने वेरिपल्स या आपल्या उपकरणाचा अमेरिकेतला वापर स्वतःहून काही काळ थांबवला होता. हे सांगण्यात कोणालाही घाबरवण्याचा हेतू नाही. योग्य रुग्णाला हा उपचार मी स्वतः सुचवते.

मला जे मुख्य सांगायचे आहे ते गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळीविषयी. गेल्या वर्षी जवळच्या खेड्यातले ६३ वर्षांचे एक शेतकरी एका शहरातून ॲब्लेशन करून आले. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही होते. चौथ्या महिन्यात एका पहाटे त्यांच्या पत्नीने त्यांना माझ्याकडे आणले. उजवा हात लोंबकळत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्या बाईंच्या हातात खताच्या दुकानातल्या पिशवीत गुंडाळलेली फाइल होती. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी पाच आठवड्यांनी बंद केली होती. ‘धडधड थांबली, वायरिंग दुरुस्त झालं असं सांगितलं होतं, मग गोळी कशाला, बाई?’ एवढेच त्या म्हणाल्या. गोळी चालू ठेवण्याची सूचना फाइलच्या चौथ्या पानावर होती, बारीक अक्षरात, इंग्रजीत. आज ते काठी घेऊन चालतात, पण बायको आणि मुलगा यांच्याखेरीज कोणाला त्यांचे बोलणे कळत नाही.

धडधड थांबणे आणि एएफ थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲब्लेशननंतर पुन्हा येणारा एएफ पुष्कळदा रुग्णाला जाणवतही नाही. म्हणून कोणत्याही पद्धतीच्या ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने प्रत्येकाने ही गोळी घ्यायचीच असते. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही, हे ईसीजी सुधारला यावर न ठरता वय, मधुमेह, रक्तदाब, हृदयाची दुर्बलता, पूर्वी झालेला पक्षाघात यांवरून ठरते.

आपल्याकडे आणखी एक गट आहे, ज्याचा त्या लेखात उल्लेखही नव्हता. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयातली मायट्रल झडप अरुंद झालेल्या, बहुधा चाळिशीच्या आतबाहेरच्या स्त्रिया. त्यांच्या एएफमध्ये आधी झडपेचा विचार करावा लागतो. भारतासह अनेक देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत संधिवाती हृदयविकाराच्या एएफमध्ये रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीपेक्षा वॉरफेरिनसारख्या जुन्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. या बायांना नव्या यंत्राच्या बातमीपेक्षा दर महिन्याला आयएनआरची, म्हणजे या जुन्या गोळीने रक्त किती पातळ झाले हे पाहण्याची, तपासणी गावाजवळ होण्याची गरज अधिक आहे.

अजूनही अनेक ठिकाणी ॲब्लेशन उष्णतेनेच होते, म्हणून माझ्या गावोगावच्या सहकाऱ्यांनाही विनंती आहे. ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत रुग्ण ताप, छातीत दुखणे किंवा गिळताना दुखणे अशी तक्रार घेऊन आला, तर त्याला साधा ताप समजून परत पाठवू नये. अन्ननलिकेला छिद्र असल्याची शंका आली तर एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करू नये, कारण तिच्यात सोडलेली हवा हृदयातून मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा सीटी स्कॅन करून रुग्णाला हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी हलवावे.

आणि ॲब्लेशन करणाऱ्या सर्व रुग्णालयांना कळकळीची विनंती अशी की, डिस्चार्जच्या कागदाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत तीन ओळी छापाव्यात : रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे नाव, ती कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची ती तारीख, आणि ती बंद करण्याआधी फोन कोणत्या क्रमांकावर करायचा. रुग्ण घरी निघण्याआधी एखाद्या परिचारिकेने त्या ओळी त्याच्या घरच्यांकडून एकदा वाचून घ्याव्यात.

आपली,
एक फिजिशियन, जिल्हा सातारा