लिओपोल्डव्हिलहून आबांना

लिओपोल्डव्हिल, काँगो
27 फेब्रुवारी 1961

ती. आबा व ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. मी खुशाल आहे. पेपरात काँगोचं काही आलं तर आईला वाचून दाखवू नका. युनोच्या सेनेसोबत आलेलं आमचं चारशे खाटांचं इस्पितळ राजधानीत आहे, बाहेर पहारा असतो. माझ्या हातात ड्रेसिंगचा ट्रे असतो, बंदूक नव्हे.

‘असल्या रानटी लोकांत कशाला गेलास’ हे तुमचं वाक्य मात्र लागलं, आबा. गेल्या 30 जूनला हे बेल्जियमच्या राजवटीतून स्वतंत्र झाले तेव्हा अख्ख्या देशात एक काँगोली डॉक्टर नव्हता. पंचवीस हजारांच्या फौजेत अधिकारी झाडून सगळे बेल्जियन. त्यांच्या जनरलने फळ्यावर लिहिलं, ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. त्याच दिवशी शिपाई बिथरले. दुसरं काय होणार? आपल्याकडे 1947 साली निदान कलेक्टर, डॉक्टर आपले होते. आता ह्यांचे पहिले पंतप्रधान लुमुंबा, त्यांनाही मारलं. फुटून निघालेल्या कटांगा प्रांताचं सरकार म्हणतं, पळून जाताना गावकऱ्यांनी मारलं. इथे कुणालाही ते पटत नाही. बातमी आली त्या दिवशी वॉर्डातला एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, ताटाला शिवला नाही.

आईला सांगा, जेवणाचे हाल नाहीत. इथले लोक चिक्वांग खातात. मॅनिऑक नावाचा कंद तीन-चार दिवस पाण्यात कुजत ठेवतात. वास असा येतो की मी आधी नाक दाबलं. पण कंदात विष असतं, ते त्या भिजवण्याने उतरतं. मग कुटायचा, मळायचा, पानात घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधायचा आणि वाफवायचा. पुष्कळ दिवस टिकतो. पेशंटचे नातेवाईक घेऊन येतात, आम्हालाही तुकडा देतात. चव आंबूस. आणि आई, आपला साबुदाणा ह्याच कंदाचा! शिवरात्रीला तुझी खिचडी फार आठवली.

माईचं वैशाखात ठरलं हे वाचून आनंद झाला. मुलगा मास्तर आहे, चांगलं झालं. रजेचा अर्ज केला होता, पण सध्या कुणालाच सोडत नाहीत. माईला म्हणावं, दादा मुद्दाम राहिला असं मनात आणू नकोस. मामांना अंतरपाटाजवळ उभं करा. ह्या महिन्यापासून घरी जादा पैसे लावले आहेत. खालचं शेत गहाण टाकू नका, मी पुरवतो. आईच्या डोळ्यांचं लग्नाआधी दाखवून घ्या, खर्चाचं बघू नका. माझ्या स्थळाचा विषय तूर्त नको.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
बाळ