बाबांचं लिव्हर दारुड्याला गेलं असलं तरी चालेल : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी मूळची तासगावची, आता सांगलीत असते, बँकेत नोकरी करते. २०१८ मध्ये माझे बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ब्रेन डेड सांगितलं. चार डॉक्टरांची टीम, सहा तासांच्या अंतराने दोनदा टेस्ट, सगळं कायद्यात आहे तसं झालं. अवयवदानाचं बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंनी शांतपणे समजावलं, आईने अवयवदानाच्या कागदावर सही केली. त्या सहीच्या आधी मी एकच प्रश्न विचारला होता, "लिव्हर कुणा बेवड्याला नाही ना देणार?" बाई म्हणाल्या, ताई, कुणाला जाणार ते आम्हाला सांगता येत नाही आणि तुम्हाला तशी अट पण घालता येत नाही. मला खूप राग आला होता. माझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं आणि त्यांचं लिव्हर घेऊन कुणीतरी परत परमिट रूममध्ये जाऊन बसणार, हे चित्र माझ्या डोक्यातून कितीतरी महिने गेलं नाही.

हे आधी सांगतेय कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून लोक म्हणतील हिला काय जातंय बोलायला.

२०२२ मध्ये माझ्या मावसभावाला पोटात पाणी झालं. दादाचं तासगावात हार्डवेअरचं दुकान, माणूस हसतमुख, गणपतीत सगळ्यात पुढे, आणि रात्री दुकान बंद केल्यावर रोजची क्वार्टर, नंतर नंतर दोन. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं, कारण दुकान वेळेवर उघडत होता ना. मग डोळे पिवळे, पाय सुजलेले, दर आठ-दहा दिवसांनी पाणी काढायचं, एकदा रक्ताची उलटी. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ट्रान्सप्लांट लागेल, आणि ते म्हणले म्हणले की घरात पहिली चर्चा काय झाली असेल तर पैशाची नाही, डोनरची पण नाही, लोकांना काय सांगायचं याची. मावशी म्हणाली हिपॅटायटिस म्हणून सांगूया. काका म्हणाले नुसतं कावीळ म्हणा. आणि ती पुण्यातली डिस्चार्ज समरी, तिच्यावर "अल्कोहोल रिलेटेड" असं स्पष्ट लिहिलेलं, ती फाईल घरात अशी लपवून ठेवायचे की जणू पोलीस केस आहे.

तेवढ्या एका शब्दाने काय होतं बघा. मेडिक्लेम होता, नाकारला. कारण पॉलिसीत छापलेलंच असतं, व्यसन आणि व्यसनामुळे होणाऱ्या आजाराचा खर्च मिळणार नाही, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने ठरवून दिलेल्या एक्सक्लूजनपैकी (म्हणजे खर्च न देण्याच्या कारणांपैकी) बारावं. मग एका ट्रस्टकडे अर्ज केला, त्यांनी फोनवर सांगितलं की आम्ही "स्वतःहून ओढवून घेतलेल्या" आजाराला मदत करत नाही. त्याच ट्रस्टने आमच्याच ओळखीच्या एका गृहस्थांना बायपाससाठी पैसे दिले होते, ज्यांची सिगारेट आयसीयूतून बाहेर आल्यावर चौथ्या दिवशी चालू झाली. फॅटी लिव्हर होऊन सिरॉसिसपर्यंत जाणारे पेशंट आता वाढतायत, त्यात शुगर आहे, वजन आहे, त्यांना कोण विचारतं की किती गुलाबजाम खाल्ले? आणि जे भरपूर पितात त्या सगळ्यांना सिरॉसिस होतो असंही नाही, थोड्यांनाच होतो. म्हणजे एकाच टेबलवर बसलेल्या पाच जणांपैकी एकाचं लिव्हर जातं, आणि उरलेले चौघं त्याच्या मयताला येऊन म्हणतात, "सांगत होतो, कमी कर."

शेवटी लिव्हर दिलं वहिनीने. उजवा भाग, निम्म्याहून जास्त. लिव्हर परत वाढतं हे खरं आहे पण ऑपरेशन आठ-दहा तासांचं आहे आणि दात्याच्या जीवाला धोका थोडा का होईना असतो. सव्वा एकर द्राक्षबाग विकली तेव्हा बावीस लाख उभे राहिले. (द्राक्षाची बाग विकून दारूचं ऑपरेशन, हा विनोद दादानेच केला होता, आम्ही कुणी हसलो नाही.) वहिनी घरी आल्यावर भेटायला आलेल्या बायका तिच्या पोटावरच्या टाक्यांकडे बघून काय म्हणायच्या माहितीये? "प्याला तो आणि फाडलं हिला." कुणी म्हणालं सावित्री आहेस बाई. वहिनी मला नंतर म्हणाली, मला सावित्री पण नको आणि बिचारी पण नको, कुणीतरी नुसतं विचारा ना दुखतंय का.

तर साहेब, मुद्दा इथे आहे. "चांगल्या माणसाचं लिव्हर बेवड्याने पळवलं" हे आपल्या डोक्यातलं भांडण पाश्चिमात्य देशांतून आलंय, जिथे बहुतेक लिव्हर मृत दात्याची असतात आणि यादी एकच असते. ब्रिटनमध्ये जॉर्ज बेस्ट नावाचा मोठा फुटबॉलपटू होता, त्याला २००२ मध्ये लिव्हर मिळालं, तो परत प्यायला, २००५ मध्ये गेला, आणि तो एक माणूस लोकांच्या मनात असा बसला की बाकीचे हजार नीट राहिलेले दिसतच नाहीत. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, तिकडे सामान्य लोकांना, फॅमिली डॉक्टरांना आणि पोटविकाराच्या स्पेशालिस्टना काल्पनिक पेशंट देऊन विचारलं होतं की लिव्हर कुणाला द्याल, तर दारूवाला पेशंट यादीच्या तळाशी गेला. आपल्याकडे तशी पाहणी केली तर वेगळं काही निघेल असं मला वाटत नाही, २०१८ ची मी स्वतःच आहे की उदाहरणाला. पण आपल्याकडे बहुतेक लिव्हर जिवंत दात्यांचीच असतात, घरातल्यांचीच. अवयवदानाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या नोटो या संस्थेचे आकडे आहेत, २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत सगळे अवयव धरून ५६,५०९ जिवंत दाते झाले, त्यात ३६,०३८ बायका. म्हणजे आपल्याकडे बेवड्याने कुणाचं लिव्हर पळवलं हा प्रश्न नाहीये, बायको, आई, बहीण टेबलवर झोपतेय आणि समाज बाहेर उभा राहून नाकं मुरडतोय, हा प्रश्न आहे. आणि जिच्या घरात रक्तगट जुळणारं कुणी नाही तिचा माणूस मृत दात्याच्या यादीत जातो, तिथे मात्र त्याला कुठल्या नियमाने घेतात किंवा घेत नाहीत हे तिला कुणी नीट सांगत नाही.

सहा महिन्यांची अट घ्या. सहा महिने दारू सोडून दाखवा, मग बघू. दादाला पहिल्या हॉस्पिटलने हेच सांगितलं, दुसऱ्याने तीन सांगितले, तिसरीकडे मानसोपचारतज्ञाने दोन तास बोलून, वहिनीशी वेगळं बोलून, मग ठरवलं. एकाच राज्यात तीन उत्तरं. अट मुळात वेडी नाहीये, दारू थांबली की काहींचं लिव्हर इतकं सुधारतं की ट्रान्सप्लांटच लागत नाही, म्हणून थोडं थांबण्यात अर्थ आहे. पण ज्याला औषध लागू पडत नाही अशी तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिस (दारूमुळे लिव्हरला येणारी सूज) झाली त्याच्याकडे सहा महिने नसतातच. फ्रान्स आणि बेल्जियमच्या डॉक्टरांनी अशा नीट निवडलेल्या २६ पेशंटना न थांबता लिव्हर दिलं, तो अभ्यास २०११ मध्ये छापून आला, सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते, आणि तसेच आजारी पण ट्रान्सप्लांट न झालेले होते त्यातले २३ टक्के. त्या २६ पैकी परत प्यायले तीन. लक्षात घ्या, निवडलेले होते, सरसकट नाही, घरचे पाठीशी आहेत का, स्वतः व्यसन मान्य करतोय का, हे सगळं बघून. मी पण सरसकट द्या म्हणत नाहीये. बाबांचं लिव्हर कुणाला दिलं यावर माझा हक्क नाही, पण ते विचार करून दिलं की अंदाजपंचे, हे विचारायचा तर आहे ना?

आता थोडं कडू. आपल्या राज्यात कायद्याचं नाव अजून दारूबंदी कायदा, १९४९ आहे, पाच रुपयांचं एक दिवसाचं परमिट घेऊन प्यायची सोय त्याच कायद्यात आहे. वर्ध्यात बंदी, गडचिरोलीत बंदी, चंद्रपुरात २०१५ ला लावली आणि २०२१ ला उठवली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जादा येतील असं सांगितलं गेलं. येऊ देत, माझी तक्रार नाही. पण पैसे घेताना तो ग्राहक आणि पोटात पाणी झालं की तो पापी, हे कसं काय? ते १४ हजार कोटी दादासारख्यांच्याच क्वार्टरमधून यायचेत.

म्हणून मागणी सांगते, लांबण न लावता. मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर, चारही झेडटीसीसीला (मृत दात्यांचे अवयव कुणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या विभागीय समित्यांना) मिळून दारूमुळे लिव्हर गेलेल्या पेशंटसाठी एकच लेखी नियम करा आणि तो मराठीत सगळ्यांना वाचता येईल असा लावा, म्हणजे नाही म्हणायचं असेल तर का नाही ते पेशंटच्या हातात कागदावर मिळेल. ज्या हॉस्पिटलला लिव्हर ट्रान्सप्लांटचं लायसन्स आहे तिथे व्यसनाचं काम करणारा मानसोपचारतज्ञ आणि समुपदेशक ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दोन वर्षं तरी सक्तीचा करा, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, माणसं आणि अनुभव शोधायला लांब जायला नको. याचा खर्च त्या वाढीव उत्पादन शुल्कातून काढा. सरकारी हॉस्पिटलमध्ये हे ऑपरेशन नेमाने व्हायला लागलं तर कुणाची बाग विकायची वेळ येणार नाही. विम्याचं ते बारावं कलम केंद्राच्या हातात आहे माहितीये, पण पत्र तर लिहू शकता.

एक गोष्ट लपवली तर बाकी सगळं खोटं ठरेल म्हणून सांगते. ऑपरेशनला चौदा महिने झाल्यावर दादा एका लग्नात प्यायला. एकच पेग म्हणतो, मी नव्हते तिथे. पुढच्या चेकअपला रक्ताची पेथ टेस्ट केली, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांतली दारू कळते, आणि ती पॉझिटिव्ह आली. वहिनीने त्या रात्री मला फोन केला, रडत नव्हती, म्हणाली माझंच लिव्हर आहे, मीच त्याला झोडपते. पण डॉक्टर ओरडले नाहीत, समुपदेशकाकडे पाठवलं, औषधं बघितली, एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जा म्हणले. तो जातो. अजून जातो, दर शनिवारी मिरजेला, वहिनी बाहेर बाकावर बसते, आत फक्त त्यांचेच लोक असतात म्हणून. त्या दिवशी जर "बघा, सांगितलं होतं ना" म्हणून फाईल बंद केली असती तर ते लिव्हर खरंच वाया गेलं असतं, वहिनीचं.

उत्तर मला वैयक्तिक नको. चारही झेडटीसीसीच्या वेबसाईटवर नियम टाका, मी तिथे बघत राहीन. आणि बाबांच्या त्या कोऑर्डिनेटर बाई अजून नोकरीत असतील तर त्यांना माझा नमस्कार कळवा, त्या दिवशी मी त्यांच्यावर फार आवाज चढवला होता.

आपली,
एका अवयवदात्याची मुलगी
सांगली